भिंग, आरसा आणि उशीर

दिवा नावाच्या गावात राहून उजेडाविषयी काही लिहिण्याची वेळ यावी, यात नवल नाही. नवल एवढेच की, पंचवीस वर्षे मराठी शिकवून झाल्यावर ती आली आणि तीही एका जुन्या विद्यार्थिनीमुळे आली. हा लेख वाचणारे बहुतेक जण आमच्यासारखेच साहित्य शिकवणारे किंवा शिकणारे असतील. लेसर, आरसे, स्पंद असले शब्द पाहून त्यांनी पान उलटू नये, ही विनंती. आमचा विषय शेवटी शिकवण्याचाच आहे. फक्त तिथे पोचणारी वाट जरा वळणाची आहे.

मुंब्रा आणि डोंबिवली यांच्या मधले आमचे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते जंक्शन म्हणून. वसईकडे, पनवेलकडे आणि पुढे कोकणात जाणारे रूळ इथून फुटतात. सावंतवाडीची गाडी इथून सुटते. जलद लोकल इथे थांबू लागल्या त्या २०१६ च्या डिसेंबरात. तोवर त्या आमच्या अंगावर वारा फेकीत निघून जात. ही मुलगी त्या काळातली. दिवा पूर्वेला चाळीत राहणारी, धीम्या लोकलने ठाण्याला येऊन अकरावी-बारावीला आमच्या वर्गात बसणारी. वडील रेल्वेत ट्रॅकमन. विज्ञान शाखेची मुले मराठीच्या तासाला जिथे बसतात तिथेच, म्हणजे शेवटून दुसऱ्या बाकावर, ती बसे. पुढे ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि अतिलघु लेसर-स्पंदांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनी म्हणून लागली, एवढे आमच्या कानावर होते.

एका रविवारी ती घरी आली. चहा झाल्यावर म्हणाली, "सर, मला एक पान लिहून द्याल? मराठीत."

वडील निवृत्त झाले होते. घरी बसल्याबसल्या त्यांनी मुलीला विचारले होते की, तू तिथे दिवसभर करतेस तरी काय? तिने अर्धा तास सांगितले. ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आरसे पुसतेस." ती हसत हसत हे सांगत होती, पण पुढचे बोलताना हसली नाही. "पुसायचीसुद्धा परवानगी नाही हो सर. त्या आरशाला बोट लागलं की संपलंच. पण मला ते मराठीत सांगताच येत नाही. इंग्रजीत तासभर बोलते. घरी आले की मुकी."

आम्ही मोठ्या उत्साहाने होकार दिला. भाषा आमची, माहिती तिची. एका पानाचे काय मोठेसे, असे आम्हांला वाटले. पुढचे पाच रविवार त्या एका पानात गेले.

पहिला रविवार एका शब्दात गेला. इंग्रजीतल्या 'पल्स'ला मराठी काय म्हणावे? नाडी म्हणावे तर वैद्य डोळ्यांपुढे येतो, ठोका म्हणावे तर घड्याळ. पाठ्यपुस्तकातला 'स्पंद' हा शब्द आम्ही सुचवला आणि तिला तो आवडला. मग प्रश्न आला तो हा स्पंद किती काळाचा, हे सांगण्याचा. तिच्या प्रयोगशाळेतला स्पंद तीस फेम्टोसेकंदांचा. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यांतला एक. एका सेकंदाच्या मानाने फेम्टोसेकंद जेवढा लहान, तेवढाच तीन कोटी वर्षांच्या मानाने एक सेकंद लहान.

आम्हांला आपल्याकडची कोष्टके आठवली: घटका, पळ, विपळ. विपळ म्हणजे सेकंदाचे दोनपंचमांश. त्याने इथे काही भागत नव्हते. भास्कराचार्यांच्या कालमापनात 'त्रुटी' नावाचे एकक आहे. दिवसाचे हिशेब करत गेले तर ती सेकंदाचा ३३,७५० वा भाग ठरते. इतका बारीक काळ मोजायचे कोणतेही साधन नसताना त्याला नाव देऊन ठेवणाऱ्या माणसाविषयी आम्हांला नेहमीच आदर वाटत आला आहे. मुलीने कागदावर भागाकार केला आणि सांगितले, की एका त्रुटीत तिचे जवळजवळ शंभर कोटी स्पंद एकापुढे एक मांडता येतील. आम्ही गप्प झालो. त्रुटी या शब्दाचा मराठीत रुळलेला अर्थ उणीव असा आहे. काळाचा सर्वांत लहान तुकडा आणि उणीव, दोहोंना एकच शब्द. यावर आम्ही एक लहानसे व्याख्यान दिले, ते तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "सर, हे पानात नको."

पुढे ती जे म्हणाली ते मात्र पानात आले. काळाऐवजी लांबी सांगा, असे तिचे म्हणणे. प्रकाश तीस फेम्टोसेकंदांत नऊ मायक्रोमीटर जातो. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. म्हणजे हा स्पंद किरणासारखा लांबलचक नसतो. दहा सेंटीमीटर रुंदीची आणि केसाहूनही पातळ अशी प्रकाशाची एक चकती असते आणि ती हवेतून सपाट उडत येते. मिठाईवरचा चांदीचा वर्ख उडत यावा तशी, असे आम्ही म्हणालो. हे तिने ठेवू दिले.

दुसऱ्या रविवारी आम्ही तयारी करून बसलो होतो. प्रकाश एकवटणे म्हटले की भिंग आलेच. उन्हात भिंग धरून कागद जाळलेला नाही असे मूल नाही. आमच्या मनात तर 'शाकुंतल' होते. दुसऱ्या अंकात दुष्यंत तपस्व्यांना सूर्यकांत मण्याची उपमा देतो: हाताला थंड, पण दुसऱ्याचे तेज अंगावर पडले की आग ओकणारा. पानाची सुरुवात या सूर्यकांतापासून करावी, असे ठरवून आम्ही चार वाक्ये लिहूनही ठेवली होती.

ती वाचून मुलगी म्हणाली, "सर, पण आम्ही भिंग वापरतच नाही. वापरलं तर सगळं बिघडतं."

का बिघडते, हे समजायला आम्हांला तो रविवार आणि पुढचा अर्धा लागला. समजले ते असे.

शुद्ध एकाच रंगाचा प्रकाश लांबच लांब असतो. त्याचा स्पंद होत नाही. प्रकाश थोडक्या काळात कोंबायचा तर पुष्कळ रंग लागतात आणि ते सगळे एकमेकांशी पावले जुळवून चालावे लागतात. स्पंद जितका आखूड तितके रंग अधिक. आता हा स्पंद काचेत शिरला की काय होते? काचेत प्रत्येक रंगाचा वेग वेगळा. लोलकातून सात रंग फाकतात ते त्यामुळेच. शाळेत त्याला आपण अपस्करण म्हणतो. तांबड्याच्या बाजूचे रंग पुढे जातात, निळ्याच्या बाजूचे मागे राहतात. काचेतून बाहेर पडताना प्रकाश तेवढाच असतो, पण तो लांबलेला असतो. शिवाय भिंग मध्ये जाड आणि कडेला पातळ. कडेने आलेला भाग नाभीपाशी आधी पोचतो, मधून आलेला मागाहून. हंगेरीतले भौतिकशास्त्रज्ञ झोल्ट बोर यांनी १९८८ साली हा हिशेब मांडून दाखवला. साध्याशा भिंगातही हा फरक स्पंदाच्या स्वतःच्या लांबीहून मोठा होऊ शकतो. आणि स्पंद फार जोरकस असेल तर काचेचे गुणधर्मच त्याच्या धक्क्याने बदलतात. तो काचेच्या आतच एकवटू लागतो आणि काच फुटते.

थोडक्यात, भिंग प्रकाश एका जागी आणते. एका वेळी आणू शकत नाही.

आरसा प्रकाशाला आत घेतच नाही. पृष्ठभागावरूनच तो परत धाडतो. परावर्तनाचा नियम तांबड्याला एक आणि निळ्याला दुसरा असा नसतो. म्हणून सगळे रंग आले तसे परततात, पावले जुळलेली राहतात. न्यूटनने १६६८ साली दुर्बिणीत भिंगाऐवजी आरसा बसवला तो याच रंगांच्या भानगडीला कंटाळून. त्याची अडचण जागेची होती, कारण प्रत्येक रंगाची प्रतिमा वेगळ्या ठिकाणी पडत होती. तिची अडचण वेळेची आहे. उपाय मात्र एकच निघाला.

पण आरसा कोणता? शाळेतला अंतर्गोल आरसा गोलाचा तुकडा असतो. त्याच्या कडेवरून परतलेले किरण थोडे अलीकडे मिळतात, मधले थोडे पलीकडे. सगळे किरण एका बिंदूत आणायचे तर वक्रता अन्वस्ताची लागते. अन्वस्त हा शब्द तिला ठाऊक नव्हता. ती 'पॅराबोला' म्हणत होती. आपल्या विषयात आपल्या भाषेत इतका नेटका शब्द आहे, याचा तिला झालेला आनंद पाहून आमचा सूर्यकांत वाया गेल्याचे दुःख थोडे कमी झाले.

अन्वस्ताची ही खोड फार जुन्या काळी माणसाच्या ध्यानात आली. इसवी सनापूर्वी दोनशेच्या सुमारास डायोक्लिस नावाच्या ग्रीक गणितज्ञाने जाळणाऱ्या आरशांवर पुस्तक लिहिले आणि त्यात ती सिद्ध केली. मूळ ग्रीक पुस्तक हरवले. टिकले ते अरबी भाषांतरात. १९७६ साली जी. जे. टूमर यांनी ते इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केले. भाषांतरकारांची थोरवी सांगताना आम्ही वर्गात पुष्कळ उदाहरणे देतो, यापुढे हे एक देऊ.

या आरशाचे मर्म मात्र तिच्या एका आकृतीने कळले. तिने अन्वस्त काढला, वरून उभ्या समांतर रेषा काढल्या, त्या आरशावर आपटून नाभीत आणल्या आणि पट्टी घेऊन प्रत्येक रेषेची एकूण लांबी आम्हांला मोजायला लावली. मधून आलेली, कडेने आलेली, कोणतीही घ्या, लांबी एकच भरली. कडेच्या किरणाला आरशापर्यंत कमी चालावे लागते, पण तिथून नाभीपर्यंत जास्त, मधल्याला उलट. बेरीज सारखी. म्हणून उडत आलेली ती चकती आरशाला कुठेही शिवली तरी तिचा कण न् कण नाभीत एकाच क्षणी पोचतो. आम्ही बारावीपर्यंत गणित शिकलो होतो. अन्वस्ताची व्याख्याही घोकली होती. पण ती व्याख्या वेळेविषयी आहे, हे आम्हांला त्या दुपारी प्रथम कळले.

नाभी या शब्दावरही आम्ही थोडे थांबलो. १६०४ साली केप्लरने याच बिंदूसाठी 'फोकस' हा लॅटिन शब्द घेतला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. त्यांची चूल, आपली नाभी. एकात आग आहे, दुसऱ्यात गर्भाशी जोडणारी नाळ. दोन्ही ठिकाणी आजूबाजूचे सगळे येऊन एका बिंदूत मिळते. हेही तिने पानात नको म्हटले. इथे लिहायला तिची हरकत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे सांगणे भागच होते. शंभर टेरावॉटचा लेसर म्हटले की भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या एकत्रित क्षमतेच्या सुमारे दोनशे पट शक्ती झाली. ऐकणारा हबकतो. पण पंचवीस फेम्टोसेकंदांच्या अशा एका स्पंदात ऊर्जा असते अवघी अडीच जूल; पाव किलो साखरेची पुडी जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते तेवढी. ऊर्जा वाढत नाही. ती थोड्या काळात आणि थोड्या जागेत येते, एवढेच होते. दहा मायक्रोमीटरच्या ठिपक्यात ती आणली की तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला एकावर एकोणीस-वीस शून्ये इतके वॉट होते. भर दुपारच्या उन्हाची असते वॉटचा दहावा भाग. तिथे कोणताही पदार्थ पदार्थ म्हणून उरत नाही. अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होऊन प्लाझ्मा होतो.

या कामाची आपल्या जवळची मोठी जागा म्हणजे कुलाब्याच्या टोकाची टाटा मूलभूत संशोधन संस्था. तिथे प्रा. जी. रवींद्र कुमार आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे असे स्पंद घन पदार्थांवर एकवटत आले आहेत. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण अर्ध्या गॉसचे. या ठिपक्यात ते क्षणमात्र कित्येक दशलक्ष गॉसपर्यंत चढते. त्यातली खळबळ ताऱ्यांच्या परिसरातल्या खळबळीसारखी असल्याचे त्यांच्या गटाने २०१२ साली प्रसिद्ध केले. त्यांना २००३ चे भटनागर पारितोषिक आणि २०१५ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले, तेव्हा त्या बातम्या आम्हीही वाचल्या असतील; पण लक्षात राहिल्या नव्हत्या. आमच्या लोकलच्या मार्गाच्या शेवटच्या स्थानकापासून अर्ध्या-पाऊण तासावर ताऱ्यांचा एक कण पेटतो आणि विझतो, हे आम्हांला आमच्या विद्यार्थिनीकडून कळावे लागले.

ऊर्जा तेवढीच, फक्त जागा आणि वेळ आखडलेली. हे वाक्य लिहिताना आमचा हात थांबला. दिव्याच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. सकाळी आठ ते साडेनऊ या वेळात आमच्या फलाटावर जी माणसे असतात, तीच दिवसभरात विखुरली तर कोणाच्या अंगाला धक्का लागणार नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान, वळणावर, धावत्या लोकलच्या दारांत लोंबकळणारी माणसे रुळांवर पडली. त्यांतले चौघे त्या दिवशी गेले. त्यानंतरच्या रविवारी ती आली तेव्हा आम्ही कोणीच पानाचा विषय काढला नाही. तिच्या वडिलांनी आयुष्यभर राखलेली ती वाट. निघताना ती एवढेच म्हणाली, "तीव्रता म्हणजे काय, हे बाबांना नको समजवायला." तो परिच्छेद आम्ही कोरडा ठेवला.

चौथ्या रविवारी मुलगी आम्हांला जे बोलली, त्याने या लेखाला कारण मिळाले.

बोलणे काचेवरून निघाले. आम्ही म्हणालो, काच वाईट, आरसा चांगला, असे म्हणू या. ती म्हणाली, तसे नाही. हा इतका जोरकस स्पंद मुळात तयार होतो तो काचेच्या दुर्गुणामुळेच. छोटा स्पंद थेट वाढवायला गेले तर ज्यात तो वाढवायचा तो स्फटिकच फुटतो. १९८५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलँड या संशोधक विद्यार्थिनीने आणि त्यांचे मार्गदर्शक जेरार मूरू यांनी यावर तोड काढली. त्यांनी स्पंद १.४ किलोमीटर लांबीच्या काचतंतूतून मुद्दाम जाऊ दिला. रंग मागेपुढे झाले, स्पंद लांबला, त्याचा जोर उतरला. त्या उतरलेल्या अवस्थेत त्याला सुखरूप वाढवले. मग बारीक रेघांच्या दोन जालिकांवरून नेऊन पुढे गेलेल्या रंगांना लांबची वाट दिली आणि मागच्यांना जवळची. सगळे पुन्हा एका ओळीत आले. २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला. आता काचतंतूऐवजी ताणण्यासाठीही जालिका वापरतात, पण क्रम तोच: आधी ताणायचे, मग वाढवायचे, मग आवळायचे. "आणि एकदा आवळलं सर, की त्यानंतर मध्ये काच नको. हवासुद्धा नको. निर्वात पेटीत आरशावरून थेट नाभीत."

हे सांगून ती थोडी थांबली आणि अगदी सहज म्हणाली, "तुमच्या कवितेच्या तासाला असंच व्हायचं."

आम्ही विचारले, कसे?

"तुम्ही एका कडव्यावर अख्खा तास घ्यायचात. शब्द, संदर्भ, दुसऱ्या कविता, सगळं. पुढच्या बाकावरच्यांना तिथल्या तिथे कळायचं. मला कळायचं ते परतताना, गाडी मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालायला लागली की. काहींना कळायचंच नाही. पण एक व्हायचं नाही. सगळ्या वर्गाला एकदम कधी कळलं नाही."

तक्रार होती का? चेहऱ्यावरून तरी नव्हती. तिने निरीक्षण सांगितले होते. पण त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आमच्या अध्यापनाची कीर्ती आमच्या विवेचनावर उभी आहे. एखादा शब्द घेऊन त्याचे सात रंग फाकून दाखवायचे, याचा आम्हांला अभिमान होता. वर्ग माना डोलावी आणि आम्ही समजत असू की कविता पोचली. ती पोचतही होती. पण तुकड्यातुकड्यांनी, प्रत्येकाकडे वेगळ्या वेळी, लांबलेली, जोर उतरलेली. कवीने ज्या कडव्यात सगळे एका क्षणात आणले होते, ते आम्ही चाळीस मिनिटांवर पसरून देत होतो आणि घंटा झाली की वर्गाबाहेर पडत होतो. ताणणे आम्हांला येत होते. वाढवणेही थोडेफार येत असावे. आवळणे आम्ही कधी केलेच नव्हते.

यावर एक उत्तर आमच्याजवळ होते आणि ते आम्ही पाचव्या रविवारी तिला दिले. एखाद्या मुलीला गाडीत बसल्यावर कविता कळत असेल, तर तो उशीर वाया गेला असे का मानायचे? काही गोष्टी उशिरा कळण्यासारख्याच असतात. तिने यावर विचार केला. म्हणाली, "असेल. पण सर, मला तो उशीर हवा होता की तो काचेमुळे झाला, हे मला कसं कळणार?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आजही देता येत नाही.

आरसा तरी निर्दोष असतो, असेही नाही. नाभी जर आरशाच्या अगदी समोर आली तर तिथे ठेवलेला पदार्थ येणाऱ्या प्रकाशाच्याच वाटेत उभा राहतो. म्हणून मोठ्या अन्वस्ताचा मधला भाग न घेता बाजूचा तुकडा घेतात. प्रकाश एकीकडून येतो आणि नाभी वाट सोडून दुसरीकडे पडते. असा आरसा फार लहरी. केसभर कलला की ठिपका गोल न राहता लांबोळा होतो. नाभीच्या अलीकडे आडवा, पलीकडे उभा. प्रकाश अगदी मंद करून, ठिपका कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघत, दोन स्क्रू कणाकणाने फिरवत तो गोल करावा लागतो. तिचे दिवसच्या दिवस यात जातात. आणि नाभीत पेटलेल्या पदार्थाचे कण उडून त्या आरशावरच बसतात. तो ज्याला पेटवतो तेच त्याला हळूहळू आंधळा करते.

पान झाले. अकरा वाक्यांचे. सूर्यकांत नाही, त्रुटी नाही, चूल नाही. चांदीचा वर्ख तेवढा राहिला. ते घेऊन आम्ही दोघे तिच्या घरी गेलो. वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला तो आमच्या मनात पाच रविवारांत आला नव्हता.

"एवढी आग आहे तर आरसा कसा जळत नाही?"

मुलीचा चेहरा उजळला. आरशावर प्रकाश पसरलेला असतो बाबा, हातभर रुंद. आग फक्त त्या ठिपक्यात असते. त्यांनी मान हलवली. दुसरे वाक्य त्यांना अडले ते बाजूच्या तुकड्याचे. नाभी समोर नसून बाजूला कशी? मुलीने हात हलवून दाखवले, आम्ही दोन उपमा फेकल्या, जमेना. तेवढ्यात ते उठले आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती टीव्हीची डिश. तिचा दांडा मधोमध नसतो, खालून येतो. तसंच का?"

तसेच. अगदी तसेच. घरावरची ती ताटली म्हणजे अन्वस्ताचा बाजूचा तुकडाच असतो. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी दांड्याच्या टोकाला एकवटतात आणि दांडा त्यांच्या वाटेत येत नाही. दिव्याच्या गच्च्यांवर असे शेकडो आरसे वाऱ्यापावसात उभे आहेत आणि आम्ही पाच रविवार कालिदासाकडे पाहत होतो.

"मंग स्क्रूचं कळलं," ते म्हणाले. "पावसात डिश हलली की मी वर जायचो आणि ही खालून ओरडायची. आलं, आलं, गेलं, थोडं मागं." मग रुळाचे सांगू लागले. रूळ सरळ आहे की नाही हे बघायला मुकादम उकिडवा बसून रुळाला डोळा लावतो. दोन बोटांचा बाक लांबून दिसतो, जवळून दिसत नाही. मुलीने त्यांना विचारले, मग दुरुस्त कसा करायचा? बापलेकींचे बोलणे सुरू झाले. त्यांना आता आमची गरज नव्हती. आम्ही चहा संपवून निघालो. बारावे वाक्य डिशचे घालावे असे आम्ही सुचवणार होतो. पण ते आता कोणासाठी घालायचे?

त्यानंतर आम्ही वर्गात एक बदल केला आहे. कविता आधी वाचतो, काहीही न सांगता. मग सांगायचे ते सगळे सांगतो. त्यात कपात केलेली नाही, कारण ताणल्याशिवाय वाढत नाही हे आता आम्हांला ठाऊक आहे. आणि शेवटची चार मिनिटे राखून ठेवतो. त्यांत ती कविता पुन्हा एकदा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये एक शब्द न घालता वाचतो, पुस्तक मिटतो आणि घंटा होईपर्यंत गप्प बसतो.

पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, अर्थ?"

सांगण्याची उबळ फार मोठी होती. ती आम्ही दाबली. मागच्या बाकांवर कोणाला काही कळले की नाही, एकदम कळले की वळणावर कळणार आहे, हे आम्हांला ठाऊक नाही. ते बघायला आमच्यापाशी कॅमेरा नाही. खालून "आलं" म्हणून ओरडणारे कोणी भेटेपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे, एवढेच आमच्या हातात आहे.